रुजू झाला, पण रुजला का?

निकाल लागतात, पदवी हाती पडते, नेमणुकीचे पत्र येते आणि घरात पेढे वाटले जातात. पहिल्या दिवशी कार्यालयात गुलाबाचे फूल मिळते, चार फॉर्म भरून घेतले जातात, गळ्यात ओळखपत्र येते. कागदोपत्री माणूस 'रुजू' होतो. पुढचे सगळे 'शिकेल हळूहळू' या एका वाक्यावर सोडून दिले जाते.

डॉक्टर म्हणून या वाक्याची मला काळजी वाटते. कारण हळूहळू शिकण्याचा हा काळच आरोग्याच्या दृष्टीने नोकरीतला सर्वांत जोखमीचा काळ असतो. नव्या माणसाचे स्वागत कसे करावे, हा विषय आपण मनुष्यबळ विभागाचा मानतो. प्रत्यक्षात तो प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचाही आहे. लसीकरण, अपघात, उष्माघात, रुग्णाची सुरक्षितता या सगळ्यांचे धागे त्या पहिल्या तीस दिवसांशी जोडलेले आहेत.

पहिल्या महिन्यात तिप्पट धोका

कॅनडातील टोरांटो येथे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' ही संस्था आहे. ऑन्टारियो प्रांतातील कामगारांच्या दुखापतींच्या नोंदी तिने अनेक वर्षे तपासल्या आहेत. एकाच कामात वर्षाहून अधिक काळ असलेल्या माणसाच्या तुलनेत, पहिल्या महिन्यातल्या माणसाला रजा घ्यावी लागेल अशी दुखापत होण्याचा धोका तिपटीहून जास्त असतो, असे त्यात दिसून आले. हा धोका केवळ विशीतल्या पोरांपुरता नव्हता. पन्नाशीतला अनुभवी माणूस नव्या कामावर गेला तरी त्याचाही पहिला महिना तसाच जोखमीचा ठरला.

याचे कारण समजायला फार खोलात जावे लागत नाही. आपली तात्पुरती स्मरणशक्ती एका वेळी जेमतेम चार-पाच नव्या गोष्टी धरून ठेवू शकते. जुन्या माणसाचे निम्मे काम हात आपोआप करतात, त्यामुळे त्याचे लक्ष धोक्याकडे मोकळे असते. नव्या माणसाला मात्र चावी कुठे, फाइल कुठली, साहेबांचे नाव काय, यंत्र कुठून बंद होते, हे सगळे एकदम आठवावे लागते. त्यात ओला जिना किंवा उघडी वायर दिसली तरी नोंदली जात नाही. शिवाय विचारायचा संकोच असतोच. 'एवढेही येत नाही का?' हे ऐकावे लागू नये म्हणून माणूस अंदाजाने काम करतो, आणि अपघात बहुधा अशा अंदाजातूनच होतात.

शरीरालाही रुजू व्हावे लागते

कामावर मन रुळायला वेळ लागतो, हे आपण मान्य करतो. शरीरालाही तेवढाच वेळ लागतो, हे मात्र विसरतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उन्हातल्या कामाचे. बांधकाम, रस्त्याची कामे, वीटभट्टी, भट्टीजवळचे कारखान्यातले काम, मोठ्या स्वयंपाकघरातले काम, सगळीकडे हेच लागू पडते.

उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडू लागतात. हा बदल औषधाने किंवा इच्छाशक्तीने एका दिवसात घडवता येत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने दिलेली माहिती डोळे उघडणारी आहे. कामाच्या ठिकाणी उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात.

म्हणून तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला असा, की उष्ण ठिकाणी नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या फक्त २० टक्के काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे. अनुभवी माणूस मोठ्या सुट्टीनंतर परतला, तर त्याच्यासाठी हा क्रम ५०, ६०, ८० आणि १०० टक्के असा चार दिवसांचा आहे. कारण आठवडाभर उन्हापासून दूर राहिल्यावर कमावलेली सवय बरीचशी उतरते. दिवाळीला गावी जाऊन आलेला किंवा आजारपणातून उठलेला कामगारही शरीराच्या दृष्टीने अर्धा नवाच असतो.

आपल्याकडे उलटे घडते. मुकादमावर छाप पडावी म्हणून नवा पोरगा पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त घमेली उचलतो आणि त्याला थांबवण्याऐवजी शाबासकी मिळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ही शाबासकी जीवघेणी ठरू शकते. कामाच्या पहिल्या आठवड्यात चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे, बडबडणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याला 'नवा आहे, सवय नाही' म्हणून सोडून देऊ नये. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा. पूर्ण शुद्धीत असेल तरच पाणी पाजावे. बोलण्यात गोंधळ असेल, तर अंग गार करणे चालू ठेवूनच रुग्णालय गाठावे.

लस, सुई आणि पांढरा डबा

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे येते. रुग्णालयात रोज कुणी ना कुणी नवे रुजू होत असते: इंटर्न, निवासी डॉक्टर, अधिपरिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाईगार. या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एक धोका समान असतो, तो म्हणजे वापरलेली सुई टोचण्याचा.

संसर्ग असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी असते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनापेक्षा कमी आणि एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. म्हणजे आपण ज्याला सर्वांत जास्त घाबरतो त्याचा धोका सर्वांत कमी मानायला हवा आणि ज्याचा धोका मोठा आहे त्यावर उत्तम लस आधीच उपलब्ध आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. तरीही लशीबाबत आपण ढिसाळ असतो.

ही लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत दिली जाते. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून लस लागू पडली की नाही हे पाहायचे असते. हिशेब करा, पूर्ण संरक्षणाची खात्री व्हायला सात-आठ महिने लागतात. इंटर्नशिप असते बारा महिन्यांची आणि सफाईचे कंत्राट अनेकदा त्याहून कमी मुदतीचे. 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणता म्हणता माणूस काम सोडून जातो. म्हणून पहिली मात्रा रुजू होण्याच्या दिवशी, शक्य तर त्याआधीच मिळायला हवी. देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात हिपॅटायटिस बीचा सर्वत्र समावेश २०११-१२ पर्यंत झाला. त्यामुळे आज विशी-तिशीत असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. 'सगळ्या लशी झाल्या आहेत' या घरच्यांच्या आठवणीवर विसंबू नये.

हे सगळे केवळ सदिच्छेवर सोडलेले नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होताना आणि नंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण देणे, रुजू होताना व दरवर्षी त्याची आरोग्य तपासणी करणे आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कर्मचारी कायम आहे की कंत्राटी, असा भेद विषाणू करत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे.

प्रत्यक्षात काय होते त्याचे एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात सफाईच्या कंत्राटावर लागलेली तिशीतली बाई माझ्या ओपीडीत आली. कामावर लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. तिसऱ्याच दिवशी साध्या काळ्या पिशवीत टाकलेली सुई तिच्या तळहातात घुसली होती. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, मग ती २८ दिवस चालतात. ती आली तेव्हा चार दिवस उलटले होते. इतके दिवस का थांबलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सांगायचं कुणाला तेच ठाऊक नव्हतं मॅडम. मुकादमाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, आल्या आल्या नाटकं सुरू झाली." लस घेतली का, या प्रश्नावर तिने मलाच विचारले, "कसली लस?"

तिच्या तपासण्या सहा महिन्यांनंतरही निर्दोष आल्या, पण ते सहा महिने तिने कसे काढले हे मी पाहिले आहे. लेकराला जवळ घेताना तिचे हात थबकत. तिला पहिल्या दिवशी तीन वाक्ये सांगायला हवी होती. सुया फक्त पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात असतात, पिशवीत दिसल्या तर हात लावू नकोस. टोचली तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धू, दाबून रक्त काढू नकोस, बोट तोंडात घालू नकोस. आणि ताबडतोब अमुक सिस्टरांना सांग, तुझी मजुरी कापली जाणार नाही. ही तीन वाक्ये सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

नवे डॉक्टर आणि ऑगस्टचा बुधवार

नव्या माणसाला नीट सामावून घेतले नाही तर त्याची किंमत कधी कधी तिसराच कुणी मोजतो. ब्रिटनमध्ये नवे डॉक्टर दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी एकाच वेळी रुजू होतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २००० ते २००८ या काळातील इंग्लंडच्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. जुलैच्या शेवटच्या बुधवारी तातडीने दाखल झालेल्या रुग्णांच्या तुलनेत, ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूचा धोका सुमारे सहा टक्क्यांनी अधिक आढळला. हा फरक लहान आहे आणि तो केवळ नव्या डॉक्टरांमुळेच पडला असे त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण तिथल्या आरोग्यसेवेने तो दुर्लक्षिला नाही. २०१२ पासून नव्या डॉक्टरांनी काम सुरू करण्यापूर्वी किमान चार दिवस, आणि तेही पगारी, आधीच्या डॉक्टरांसोबत सावलीसारखे राहून काम पाहावे, असा नियम झाला.

यातले 'पगारी' आणि 'सोबत' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. शिकण्याचा वेळ हाही कामाचाच वेळ आहे, असे संस्थेने मान्य केले. आणि शिकवणे सभागृहातल्या भाषणावर न सोडता वॉर्डात, माणसाच्या शेजारी उभे राहून करायचे ठरले.

नाव ठाऊक असण्याचा उपयोग

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी आणली. जगातील आठ शहरांत तिची चाचणी झाली, त्यांत आपले दिल्लीही होते. यादी वापरल्यानंतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. या यादीत प्रतिजैविक दिले का, रक्त तयार आहे का, अशा प्रश्नांबरोबर एक साधी पायरी आहे. चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे.

सुरुवातीला अनेक शल्यविशारदांना हे पोरकट वाटले. पण ज्याने एकदा सर्वांसमोर तोंड उघडले, त्याला दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते. कालच आलेली परिचारिका "सर, बाजू डावी आहे ना?" असे विचारू शकते. सारे यश या एकाच पायरीचे नाही. तरी अनोळखी, भेदरलेल्या माणसाकडून चूक लपवली जाण्याची शक्यता जास्त असते, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही पटेल.

हेच तत्त्व रुग्णालयाबाहेरही दिसले आहे. विप्रोच्या बीपीओ विभागातील नव्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पहिल्या दिवशी कंपनीचा इतिहास आणि मोठेपणा सांगितला गेला. काहींना मात्र तुमची बलस्थाने कोणती, ती या कामात कशी वापराल, यावर बोलायला वेळ दिला गेला. सहा महिन्यांनंतर पाहता दुसऱ्या गटातले लोक नोकरीत अधिक टिकले आणि त्यांचे ग्राहकही जास्त समाधानी होते. आपण कोण आहोत हे कुणी तरी विचारले, एवढाच काय तो फरक.

वरिष्ठांनी काय करावे?

यासाठी मोठे बजेट लागत नाही. आमच्या वॉर्डात नवा निवासी डॉक्टर किंवा नवी परिचारिका आली, की परिसेविका पहिल्या तासात पाच जागा दाखवतात: इमर्जन्सी ट्रॉली, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह, सुयांचा पांढरा डबा, रक्तपेढीचा क्रमांक लिहिलेला फोन आणि स्वच्छतागृह. मग त्या म्हणतात, "आता तू मला दाखव." ऐकलेले विसरते, पण स्वतः दाखवलेले लक्षात राहते.

पाचवी जागा ऐकून हसू नका. नव्या ठिकाणी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला लाजून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि मग लघवीच्या जंतुसंसर्गाने तापलेल्या मुली मी दरवर्षी पाहते. बँकेत, दुकानात, शाळेत, पोलीस ठाण्यात, कुठेही लागलेल्या नव्या मुलीला ही जागा पहिल्या तासात दाखवावी. रात्रपाळी असेल तर विश्रांतीची जागा, येण्याजाण्याची सोय आणि तक्रार कुणाकडे करायची हेही त्याच दिवशी सांगावे.

दुसरे, सगळे एकाच दिवशी सांगू नये. आठ तासांचे व्याख्यान दुसऱ्या दिवशी फारसे उरत नाही. विस्मरणाचा हा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिला होता. जिवाशी संबंधित चार गोष्टी पहिल्या दिवशी सांगाव्यात, बाकीच्या आठवडाभरात थोड्या थोड्या, आणि महत्त्वाच्या पुन्हा पुन्हा.

तिसरे, एक जोडीदार ठरवून द्यावा. तो साहेब नसावा. वर्ष-दोन वर्षे आधी लागलेला, ज्याला 'हे कसं करायचं?' असे न लाजता विचारता येईल असा असावा. चौथे, पहिल्या महिन्यात एकट्याची रात्रपाळी टाळावी. आणि पाचवे, सातव्या व तिसाव्या दिवशी दहा मिनिटे बसून विचारावे की झोप लागते का, जेवण वेळेवर होते का, कशाची भीती वाटते का. उत्तर 'सगळं ठीक आहे' असेच येईल. जरा थांबावे, मग खरे उत्तर येते.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी काय करावे?

लसीकरणाची नोंद, रक्तगट, चालू औषधे आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून जवळ ठेवा. मधुमेह, दमा किंवा फिट्सचा आजार असेल, तर निदान एका विश्वासू सहकाऱ्याला सांगून ठेवा. पहिल्या महिन्यात जागरणे टाळा, कारण अपुऱ्या झोपेत नवे शिकलेले पक्के होत नाही. डबा आणि पाण्याची बाटली सोबत न्या.

आणि पहिल्या दिवशी तीन प्रश्न आवर्जून विचारा. या कामात इजा कशाने होऊ शकते? झाली तर पहिल्यांदा कुणाला सांगायचे? आणि मला एखादी गोष्ट जमत नसेल तर मी कुणाला विचारू? हे प्रश्न विचारणारा माणूस कच्चा नसतो. आमच्याकडे तरी असा इंटर्न दिसला की आम्हाला त्याच्या हाती वॉर्ड सोपवताना धीर येतो.

कोकणात भाताची रोपे खाचरात लावली की पहिले काही दिवस ती पिवळी पडतात, माना टाकतात. शेतकरी घाबरत नाही आणि त्यांना वाऱ्यावरही सोडत नाही. बांधावर उभा राहून पाणी जास्त झाले का, कमी पडले का, एवढे रोज पाहतो. आपल्या कार्यालयात, दुकानात, कारखान्यात या आठवड्यात कुणी नवे आले असेल, तर उद्या सकाळी त्याच्या टेबलापाशी जाऊन नावाने हाक मारा आणि काही अडले का, एवढे विचारा.